फ्रान्सच्या खेड्यांतील हिवाळा व परदेशी पेन्शनर

फ्रान्स देशाचे नाव घेताच आपल्याकडील बहुतेकांस पॅरिस शहर तेवढे आठवते. वस्तुतः त्या देशाच्या भूमीचा सुमारे अर्धा भाग शेते, कुरणे व फळबागा यांखाली असून जवळजवळ तृतीयांश भाग रानांनी व्यापलेला आहे. या ग्रामीण फ्रान्सच्या मध्य व नैर्ऋत्य भागांत गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत एक नवीनच वस्ती झालेली आढळते. नोकरीधंद्यातून निवृत्त होऊन, स्वदेशातील घर विकून, उरलेले आयुष्य खेड्यात काढण्यासाठी आलेल्या परदेशी लोकांची ही वस्ती होय. त्यांत इंग्रजांचा भरणा मोठा आहे. डच व बेल्जियन लोकही पुष्कळ आहेत. फ्रान्समध्ये कायम राहणाऱ्या ब्रिटिश प्रजाजनांची एकूण संख्या दीड लाखाच्या घरात जाते. दोर्दोन्य जिल्ह्यातील एमे या लहानशा गावी तर त्यांनी क्रिकेटचा क्लबही काढला आहे.

हे लोक घर पाहावयास येतात ते बहुधा जून-जुलैत. त्या वेळी रात्री दहापर्यंत उजेड असतो, बाजार फळांनी भरलेले असतात व दगडी घराची जाड भिंत थंडावा देत असते. तीच भिंत जानेवारीत काय करते, हे त्यांस पहिल्या हिवाळ्यातच कळते. उन्हाळ्यात कोणीही गावात राहू शकतो. नोव्हेंबर ते मार्च हे पाच महिने जो निभावून नेतो तोच तेथला रहिवासी ठरतो. हे लोक तो कसा निभावतात, त्यासाठी कोणती तजवीज करतात व गावाचा त्यांना आणि त्यांचा गावाला काय उपयोग होतो, याची हकीकत शेतकरी वाचकांस उद्बोधक वाटेल. कारण हे पेन्शनर ज्या घरांत राहतात ती घरे एके काळी शेतकऱ्यांची होती.

शेतकऱ्यांनी सोडलेली घरे

उदाहरणादाखल लिमूझँ प्रांतातील क्रूझ जिल्हा घेऊ. ग्रॅनाइट खडकाचा, आम्ल मातीचा, डोंगराळ असा हा मुलूख. १८५१ साली त्याची लोकसंख्या सुमारे २ लाख ८७ हजार होती. आज ती सव्वा लाखाहूनही कमी आहे. जमीन हलकी, कुटुंबे मोठी. त्यामुळे येथील पुरुष पिढ्यान् पिढ्या गवंडीकामासाठी पॅरिसला जात. मार्चच्या सुमारास निघावयाचे, उन्हाळाभर शहरात घरे बांधावयाची आणि थंडी पडू लागली म्हणजे कमाई घेऊन गावी परतावयाचे, असा त्यांचा परिपाठ होता. म्हणजे त्या काळी गाव भरलेले असावयाचे ते हिवाळ्यात. लग्ने त्याच ऋतूत होत; अक्रोड फोडण्यासाठी व चेस्टनट सोलण्यासाठी शेजारीपाजारी रात्री एका चुलीभोवती जमत, तेही त्याच ऋतूत.

या गवंड्यांपैकीच एक मार्तँ नादो. १८१५ साली जन्मलेला हा शेतकऱ्याचा मुलगा वयाच्या चौदाव्या वर्षी बापाबरोबर पायी पॅरिसला गेला, पुढे गवंड्याचा लोकप्रतिनिधी झाला आणि १८५१ च्या सत्तापालटानंतर त्यास देशत्याग करावा लागला. त्याने आश्रय घेतला तो इंग्लंडात. तेथे तो मुलांस फ्रेंच शिकवून पोट भरीत असे. १८७० साली तो मायदेशी परतला. आज इंग्लंडातील निवृत्त शिक्षक क्रूझमधील खेड्यात येऊन उतारवयात फ्रेंच शिकतात, हा कालाचा महिमा म्हणावयाचा.

पुढे गवंडी कायमचेच शहरात राहू लागले. मागोमाग त्यांची कुटुंबे गेली. दोन महायुद्धांनी माणसे नेली आणि यंत्रांनी उरलेल्यांचे काम कमी केले. १९५५ साली फ्रान्समध्ये सुमारे २३ लक्ष शेतीघटक होते. २०२० च्या शेतीगणनेत ते ३ लक्ष ९० हजारांच्या आसपास उरले. शेते नाहीशी झाली नाहीत. ती शेजाऱ्याच्या शेतास जोडली गेली. परंतु एका शेतकऱ्यास दोन घरे काय करावयाची? रिकाम्या घरांची छपरे गळू लागली आणि ती स्वस्तात विक्रीस निघाली. इंग्लंडात लहानसे घर विकून जो पैसा येई, त्यात येथे घर, गोठा व बाग मिळून पैसा शिल्लक राही. या वस्तीचा उगम तो हा.

आखूड दिवस

या मुलखात डिसेंबरच्या अखेरीस दिवस पावणेनऊ तासांच्या आतबाहेर असतो. सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो व सायंकाळी पाचानंतर थोड्याच वेळात मावळतो. मिलवाश पठारावर कोठे कोठे ९०० मीटरांहून अधिक उंची असल्याने तेथे बर्फही पडते. खालच्या खोऱ्यांत बर्फापेक्षा धुके, झिमझिम पाऊस व दहिवर यांचाच त्रास अधिक. शेते हिरवी दिसतात, पण जमीन इतकी भिजलेली असते की गुरांच्या पायांनी कुरणाचा चिखल होतो. म्हणून तांबूस रंगाची लिमूझँ जातीची गुरे बहुतेक शेतकरी या दिवसांत गोठ्यात घेतात. वाटेवरून जाताना गोठ्यातील हंबरणे, वाळल्या गवताचा वास व धुराड्यांतून निघणारा धूर एवढ्यावरूनच गावात वस्ती असल्याचे कळते.

पेन्शनर जोडप्याचा दिवस राखेपासून सुरू होतो. उठल्याबरोबर लोखंडी शेगडीतील राख काढावयाची, तळाशी राहिलेले निखारे पुढे ओढून त्यांवर बारीक काटक्या व मग ओंडके रचावयाचे आणि टोपली घेऊन पडवीतून दिवसाचे लाकूड आणावयाचे. नवागत मनुष्य रात्री शेगडी विझू देतो व सकाळी पुन्हा पेटवितो. जुना रहिवासी जानेवारीत ती सहसा विझू देत नाही. दोन-अडीच फूट जाडीची दगडी भिंत एकदा गार झाली म्हणजे ती पुन्हा उबदार होण्यास दिवसचे दिवस लागतात, हे त्यास अनुभवाने कळलेले असते. सगळे घर तापविण्याच्या नादासही तो लागत नाही. स्वयंपाकघर व त्यास लागून असलेली एक खोली एवढीच ऊबदार ठेवावयाची, बाकीची दारे लावून घ्यावयाची व निजावयाच्या खोलीत जाड रजई वापरावयाची, हीच जुन्या शेतकऱ्यांची रीत होती आणि तीच तो उचलतो. सायंकाळ होताच खिडक्यांच्या बाहेरील लाकडी झडपा मिटतात. त्या शोभेच्या नसून रात्रीची ऊब आत राखण्यासाठी आहेत, हेही पहिल्या हिवाळ्यातच समजते.

सकाळी पावासाठी बाहेर पडावे लागते. ज्या गावात पाववाल्याचे दुकान राहिलेले नाही तेथे त्याची गाडी ठराविक वारी येऊन भोंगा वाजविते. तो ऐकून म्हातारी माणसे दारात येतात आणि दोन मिनिटे बोलतात. कित्येकांचे दिवसातील पहिले, व कधी कधी एकमेव, बोलणे तेच असते. दुकानात शिरताच ‘बोंझूर’ म्हणून सर्वांस नमस्कार करणे येथे अनिवार्य मानले जाते. तो न करता थेट मालाची चौकशी करणारा मनुष्य उद्धट समजला जातो. परदेशी माणसाचे व्याकरण चुकले तर चालते, हा नमस्कार चुकलेला चालत नाही. बारा ते दोन दुकाने बंद, कचेरी बंद, सर्वत्र जेवणाची वेळ. त्यानंतरच्या तीन तासांच्या उजेडात लाकूड फोडणे, बाग, फिरणे ही कामे उरकावयाची. फिरावयास जाताना भडक नारिंगी बंडी घालावी लागते; कारण फेब्रुवारीअखेरपर्यंत शिकारीचा हंगाम असतो आणि रानडुकरांसाठी रान उठविलेले असते.

सरपणाचा हिशेब

हिवाळ्याचे खरे काम सरपणाचे. येथे लाकूड ‘स्तेर’ या मापाने विकतात. एक मीटर लांबीचे ओंडके एक मीटर रुंद व एक मीटर उंच रचले म्हणजे एक स्तेर होतो. वाळलेल्या ओकचा एक स्तेर सुमारे ५ क्विंटल भरतो. मध्यम घरास हिवाळाभर ६ ते १० स्तेर लागतात. नवीन मनुष्यास येथे एक कोडे पडते. एक स्तेर लाकूड शेगडीच्या मापाने अर्ध्या मीटरचे तुकडे करून रचले तर ढीग ०.८ घनमीटरच भरतो. तेहतीस सेंटिमीटरचे तुकडे केले तर ०.७ घनमीटर. तुकडे जितके आखूड तितक्या मधल्या पोकळ्या कमी, एवढाच त्याचा अर्थ. लाकूड तितकेच असते. परंतु हे ठाऊक नसल्यामुळे विक्रेत्याने फसविले असे समजून कित्येकांनी पहिल्याच वर्षी शेजाऱ्याशी वाकडेपणा घेतलेला असतो.

लाकडाची जात पाहावी लागते. ओक व हॉर्नबीम सावकाश जळून भरपूर ऊब देतात. चेस्टनट या भागात विपुल व स्वस्त. पण ते तडतडते व ठिणग्या उडविते, सबब उघड्या चुलीत ते धोक्याचे. पॉप्लर गवतासारखे भुरकन जळून जाते. जातीहूनही महत्त्वाचा वाळलेपणा. लाकडातील ओलावा शेकडा २० च्या खाली आला म्हणजेच ते जाळण्यास योग्य. ओकला त्यासाठी फोडून, वरून छप्पर व बाजूंनी वारा अशा जागी दीड ते दोन वर्षे ठेवावे लागते. अशा वाळलेल्या लाकडाच्या एका किलोपासून सुमारे ४ युनिट उष्णता मिळते. ओल्या लाकडाची पुष्कळशी उष्णता त्यातील पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडते. शिवाय त्याच्या धुराने धुराड्याच्या आत डांबरासारखा थर बसतो व एखाद्या रात्री तोच पेट घेतो. म्हणून वर्षातून निदान एकदा धुराडे झाडून घेऊन झाडणाऱ्याचा दाखला जपून ठेवावा लागतो. आग लागल्यास विमा कंपनी प्रथम तो दाखला मागते. २०१५ च्या मार्चपासून प्रत्येक घरात धुराची सूचना देणारी घंटा बसविणेही सक्तीचे झाले आहे.

येणेप्रमाणे यंदा जळणारे लाकूड दोन वर्षांपूर्वी तोडलेले असते आणि यंदा तोडलेले दोन वर्षांनी जळावयाचे असते. पंचाहत्तरीच्या मनुष्याने पुढल्या-पुढल्या हिवाळ्याचे लाकूड रचून ठेवणे यात एक प्रकारचा विश्वास आहे. ज्या वर्षी तो नवी रास रचीत नाही, त्या वर्षी शेजारी समजून जातात की, हा आता फार दिवस येथे राहणार नाही.

विजेचाही हिशेब करावा लागतो. फ्रान्समध्ये ‘टेंपो’ नावाचा एक वीजदर आहे. त्यात वर्षाचे ३०० दिवस निळे, ४३ पांढरे व २२ तांबडे धरलेले असतात. तांबडे दिवस १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळातच व शनिवार-रविवार वगळूनच येतात. त्या दिवशी सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत वीज कित्येक पटींनी महाग असते. उद्याचा रंग आदल्या दिवशी कळतो. तांबडा दिवस असला म्हणजे धुणे पुढे ढकलावयाचे, विजेचे तापक बंद ठेवावयाचे व सर्व भार लाकडावर टाकावयाचा. वादळात वीज जाते ती निराळीच. डिसेंबर १९९९ च्या अखेरीस लागोपाठ दोन दिवस जी वादळे झाली, त्यांत फ्रान्सच्या रानांतील सुमारे १४ कोटी घनमीटर लाकूड आडवे झाले व लाखो घरे अंधारात पडली. तेव्हापासून मेणबत्त्या, विजेवाचून चालणारी शेगडी व भरलेली पाण्याची भांडी या तीन वस्तू शहाणा मनुष्य नोव्हेंबरातच घरी ठेवतो.

याच संदर्भात एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ब्रिटिश सरकार आपल्या वृद्ध पेन्शनरांस हिवाळ्यातील सरपणासाठी एक रक्कम देत असे व ती फ्रान्समध्ये राहणाऱ्यांसही मिळे. २०१५-१६ च्या हिवाळ्यापासून ती बंद झाली. फ्रान्समधील हिवाळ्याचे सरासरी तपमान इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागाहून अधिक आहे, असे कारण देण्यात आले. मात्र ही सरासरी काढताना फ्रान्सच्या ताब्यातील उष्ण कटिबंधातील बेटेही हिशेबात धरली होती! तालुक्याच्या पावसाची सरासरी दाखवून कोरड्या शिवारास ओले ठरविण्याचा अनुभव आपल्या वाचकांसही असल्यामुळे, यावर अधिक लिहावयास नको.

बाग, जमीन व शेजार

घराबरोबर बहुधा परसबाग येते. हिवाळ्यात ती अगदीच ओस नसते. लीक, कोबी व माश नावाची कोवळी पालेभाजी दहिवरातही टिकते. लसूण व बाकला शरद ऋतूतच लावून ठेवतात. बाकीच्या वाफ्यांवर शेणखत व पालापाचोळा पसरून जमीन झाकतात. शेगडीतील राख ही बागेची मोठी मिळकत. तिच्यात पोटॅश असते व आम्ल जमिनीचा आंबटपणाही ती कमी करते. म्हणून लिमूझँच्या ग्रॅनाइटी मातीस ती मानवते. तथापि ती मूठमूठच टाकावी लागते, आणि बटाट्याच्या वाफ्यात टाकीत नाहीत, कारण आंबटपणा कमी झालेल्या जमिनीत बटाट्यावर खवड्या रोग बळावतो. झाडे लावण्याचा मुहूर्त २५ नोव्हेंबरचा, म्हणजे संत कॅथरीनच्या सणाचा. त्या दिवशी लावलेले कोणतेही झाड मूळ धरते अशी तेथील शेतकऱ्यांची म्हण आहे. तसेच मेच्या ११, १२ व १३ या तारखांचे जे तीन ‘बर्फाचे संत’, ते होऊन गेल्यावाचून टोमॅटोसारखी नाजूक रोपे उघड्यावर लावावयाची नाहीत, हाही जुना दंडक. आपल्याकडे नक्षत्रे, तिकडे संत. शेतकऱ्याचे पंचांग सर्वत्र आहेच.

घरासोबत एखादे-दोन हेक्टर कुरण आले तर त्याचे काय करावयाचे हा प्रश्न उत्पन्न होतो. शेतजमिनीच्या विक्रीवर फ्रान्समध्ये देखरेख आहे. १९६० च्या कायद्याने स्थापन झालेल्या ‘साफेर’ नावाच्या संस्थांस अशा विक्रीत मध्ये पडून जमीन प्रथम स्वतः खरेदी करण्याचा व ती शेतकऱ्यास देण्याचा हक्क आहे. त्यामुळे मोठी शेते बाहेरच्यांच्या हाती सहसा पडत नाहीत. घराभोवतीचा तुकडा तेवढा पडतो. तो तुकडा पेन्शनर शेजारच्या शेतकऱ्यास गवतासाठी देतो. पण येथे सावध राहावे लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर झालेल्या कूळविषयक कायद्यान्वये, खंड घेऊन तोंडी दिलेली जमीनही निदान नऊ वर्षांच्या पट्ट्याने दिली असे धरले जाऊ शकते. आपल्याकडील १९४८ चा कूळकायदा ज्यांनी पाहिला आहे त्यांस यात नवल वाटणार नाही. म्हणून पुष्कळजण एक पैसाही खंड न घेता, जमीन फुकट वापरावयास दिल्याचा लेख करून ठेवतात. शेतकरी गवत कापून नेतो. कुरण माजत नाही. आणि थंडीत ट्रॅक्टरने वाट मोकळी करणे, पडलेले झाड ओढून काढणे, एखादी ट्रॉली लाकूड आणून टाकणे ही कामे तो शेजारधर्म म्हणून करतो. हा व्यवहार कागदावर कोठेच नसतो. परंतु हिवाळा पार पडतो तो याच्याच बळावर.

गावचा आधार

फ्रान्समध्ये सुमारे ३५ हजार ग्रामपालिका आहेत. शंभर-दोनशे वस्तीच्या गावासही निवडलेला नगराध्यक्ष व आठवड्यातून काही तास उघडणारी कचेरी असते. हिवाळ्यात गावाचा एकत्र येण्याचा क्रम ठरलेला आहे. ११ नोव्हेंबरला पहिल्या महायुद्धाच्या समाप्तीचा दिवस पाळतात. गावच्या स्मारकावरील मृतांची नावे मोठ्याने वाचतात. आज गावात जितके पुरुष राहतात त्यांहून ती नावे कित्येकदा अधिक भरतात. क्रूझमधील झाँतियू गावचे १९२२ चे स्मारक प्रसिद्ध आहे. तेथे विजयी शिपाई नसून, मूठ उगारलेला एक पोरका शाळकरी मुलगा उभा केला आहे व युद्धास शाप देणारे शब्द कोरलेले आहेत. या सभेस परदेशी वृद्धही येतात. त्यांच्या आज्यांची नावे दुसऱ्या स्मारकांवर असतात.

डिसेंबरात अग्निशामक दलाचे लोक व टपालवाला नव्या वर्षाची दिनदर्शिका घेऊन दारोदार येतात. जो तो आपल्या ऐपतीप्रमाणे पैसे देतो. फ्रान्समधील अग्निशामकांपैकी दहांतील सुमारे आठ स्वयंसेवक आहेत. गवंडी, शेतकरी, दुकानदार हेच घंटा वाजताच धावतात आणि आगीप्रमाणेच आजाऱ्यासही गाडीत घालून नेतात. रात्री आपणास कोण उचलून नेणार आहे त्याचा चेहरा या दिनदर्शिकेच्या निमित्ताने पाहून ठेवता येतो. जानेवारीत राजांच्या सणाची चपटी गोड पोळी वाटतात. तीत लपविलेली लहानशी वस्तू ज्याच्या वाट्यास येईल तो त्या दिवसाचा राजा. त्याच महिन्यात नगराध्यक्ष गावकऱ्यांस बोलावून वर्षाचा हिशेब सांगतो. बहुतेक गावांत वृद्धांस वर्षातून एकदा जेवण किंवा खाद्यवस्तूंची करंडी गावातर्फे मिळते, आणि त्यात परका-आपला असा भेद करीत नाहीत.

कठीण प्रसंग

येथवरचे वर्णन धडधाकट जोडप्याचे झाले. खरी अडचण पुढे येते. ग्रामीण फ्रान्समध्ये डॉक्टरांचा तुटवडा आहे. जुना डॉक्टर निवृत्त झाला की त्याच्या जागी दुसरा येत नाही. नेहमीचा डॉक्टर म्हणून कोणाचे नाव नोंदविलेले नसेल तर तपासणीच्या ठराविक फीपैकी शेकडा ७० ऐवजी ३० च सरकारी विम्यातून परत मिळतात. आणि नाव नोंदवून घेणारा डॉक्टर शोधण्यातच कित्येकांचे महिने जातात. रुग्णालय तीस-चाळीस किलोमीटरांवर. मोटार चालविता येते तोवर हे अंतर जाणवत नाही. दृष्टी मंद झाली, किंवा घरात मोटार चालविणारे जे एक माणूस होते तेच गेले, म्हणजे पाव, औषध, पैसा व सोबत ही चारही एकदम दूर जातात.

मागे राहिलेल्या विधवेची किंवा विधुराची स्थिती हिवाळ्यात विशेष बिकट होते. भाषा बेताची, मुले समुद्रापलीकडे, उन्हाळ्यात सुरू असलेली विमाने कमी झालेली, शेजारची सुटीपुरती उघडणारी घरे बंद. लाकूड फोडण्याचे बळ नाही आणि ते कोणास सांगण्यास शब्द नाहीत. अशांसाठी १९४५ पासून काम करणारी ग्रामीण घरसाहाय्याची एक मोठी संस्था आहे. तिच्या बाया येऊन स्वयंपाक, आंघोळ, झाडलोट करून जातात. २०१७ पासून टपालखातेही फी घेऊन, पत्रे वाटता वाटता वृद्धाची चौकशी करण्याची सोय करते. पण ज्यांनी पहिल्या वर्षापासून केवळ आपल्या देशबांधवांतच उठबस ठेवली, त्यांस या सोयींची माहितीही वेळेवर मिळत नाही. उलट ज्यांनी भाषा कशीबशी का होईना पण शिकली, अंत्ययात्रेस गेले, गावच्या जेवणात ताटे उचलली, त्यांच्या घरून सकाळी धूर निघाला नाही तर दहा वाजण्यापूर्वी कोणीतरी दार ठोठावते. धुराड्याकडे पाहण्याची ही सवय शेतकऱ्यांची आहे. तिला फी पडत नाही.

बदललेला कायदा

या वस्तीवर अलीकडे आणखी एक सावट आले. २३ जून २०१६ च्या मतदानाने ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचा निर्णय घेतला व ३१ जानेवारी २०२० रोजी तो अमलात आला. फ्रेंच गावांच्या पालिकांत त्या वेळी सातशेहून अधिक ब्रिटिश सभासद होते. त्यांस मार्च २०२० च्या निवडणुकीत उभे राहता आले नाही व मतही देता आले नाही. ज्या गावांत सभासद होण्यास माणूस मिळणे कठीण तेथे ही हानी दोन्ही पक्षांस जाणवली. काहींनी फ्रेंच नागरिकत्व घेतले. २०२० अखेरपर्यंत जे तेथे राहत होते त्यांचे राहण्याचे हक्क कायम राहिले; मात्र नव्याने येणाऱ्यास दीर्घ मुदतीचा परवाना, उत्पन्नाचा पुरावा व आजारपणाची तरतूद दाखवावी लागते. परवान्यावाचून कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. अर्थात ज्याने केवळ सुटीचे घर घेतले असेल त्याने ते नव्वद दिवस उन्हाळ्यातच घालवावे हे स्वाभाविक आहे. म्हणजे बंद झडपांची घरे हिवाळ्यात आणखी वाढावयाची.

विचार करण्यासारखे

या परदेशी पेन्शनरांमुळे गावाचे कल्याण झाले की नाही, याविषयी तेथेही दुमत आहे. त्यांनी पडकी छपरे शाकारली, गवंडी-सुतारांस काम दिले आणि पाववाल्याचा व औषधवाल्याचा धंदा हिवाळ्यातही चालू ठेवला, हे नाकारता येत नाही. परंतु त्यांच्याबरोबर मुले येत नाहीत, म्हणून शाळा मिटते ती मिटतेच. आणि ते नांगर धरीत नाहीत. २०२० च्या गणनेत फ्रान्समधील शेतकऱ्यांपैकी शेकडा ४३ जण ५५ वर्षांचे किंवा त्याहून मोठे आढळले. ज्या शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर पेन्शनराचा हिवाळा अवलंबून आहे तो शेजारीही म्हातारा होत चालला आहे, हा या हकीकतीतील सर्वांत चिंतेचा भाग होय. त्याच्या जागी कोणी तरुण आला नाही, तर कुरण कापणारा, वाट मोकळी करणारा व धुराड्याकडे पाहणारा मनुष्य कोठून आणावयाचा, याचे उत्तर पेन्शनीच्या पैशाने मिळत नाही.

आपल्याकडेही आयुष्य शहरात काढून उतारवयात गावच्या घरी परतण्याचा बेत करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांस घर विकणारे किंवा जमीन लावून देणारे वाचकही असतील. ऋतू निराळा असेल. आपल्याकडील परीक्षा हिवाळ्याऐवजी पावसाळ्याची असेल. परंतु घर घेण्यापूर्वी ते सर्वांत वाईट महिन्यात पाहावे, सरपण व पाणी यांची तजवीज दोन वर्षे आधी करावी, डॉक्टरपर्यंतचे अंतर मोटारीवाचून मोजावे, जमिनीचा व्यवहार लेखी ठेवावा आणि शेजाऱ्याच्या उपयोगी पडण्यास पहिल्या दिवसापासून आरंभ करावा, या पाच गोष्टी लिमूझँच्या खेड्याइतक्याच येथेही लागू आहेत. त्यांपैकी पहिल्या चार पैशाने व कागदाने होतात. पाचवीस वेळ लागतो. म्हणून ती अंगात बळ आहे तोवर सुरू करावी, हे बरे.